थांबलेला अणू आणि राहून गेलेले उत्तर



गेल्या महिन्यातल्या पौर्णिमेला आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात वंदनेनंतर एका पाहुण्या वक्त्यांचे व्याख्यान झाले. विषय होता 'बुद्ध आणि विज्ञान'. आवाज खणखणीत, पाठांतर दांडगे. बोलता बोलता ते म्हणाले, आज शास्त्रज्ञ ज्याला क्वांटम म्हणतात ते सगळे तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे. जगातला एकही कण कधी थांबत नाही, हीच ती अनित्यता! टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागच्या सतरंजीवरून बारावी सायन्सला शिकणारी आपली एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, मी वाचलंय की लेझरच्या जाळीत ठेवलेले अतिथंड अणू पसरायचेच थांबतात. जिथे ठेवले तिथेच राहतात. मग हे अनित्यतेच्या विरुद्ध नाही का?"

वक्ते हसले. म्हणाले, "बाळ, आधी धम्म समजून घे, मग प्रश्न विचार." सभागृहही हसले.

आणि सूत्रसंचालन कोणाकडे होते? आमच्याकडे! आम्ही काय केले? घड्याळाकडे पाहिले, 'वेळेअभावी' हा शब्द उच्चारला आणि आभारप्रदर्शन पुकारले. पोरगी खाली बसली. चार घरची धुणीभांडी करून लेकीच्या क्लासची फी भरणारी तिची आई शेजारीच होती. मग खीरदान झाले, चपला शोधल्या गेल्या, माणसे घरी गेली. आम्हाला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. ज्या विहारात प्रश्न विचारणाऱ्याला खाली बसवतात त्या विहाराचे संचालन आम्ही केले, ही बोच मनातून जाईना. म्हणून या आठवड्याचे सदर त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून लिहीत आहोत. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून, आमचा सारा व्यवहार जमाखर्चाच्या वह्यांशी. तरी वाचले, एका प्राध्यापक मित्राला दोन रविवार छळले, आणि जे समजले ते इथे मांडतो.

प्रथम थंडी म्हणजे काय ते पाहू. उष्णता म्हणजे दुसरे काही नसून कणांची धावपळ. रुबिडियम नावाचा एक धातू आहे. त्याची वाफ आपल्या घरातल्या तापमानाला असली तर तिच्यातला अणू सेकंदाला सुमारे ३०० मीटर वेगाने धावतो. थंड करत गेलो की वेग कमी होतो. उणे २७३.१५ अंश सेल्सियस ही थंडीची शेवटची पायरी. तिच्या खाली जाता येत नाही. शास्त्रज्ञ त्या पायरीच्या इतके जवळ जातात की मध्ये एका अंशाचा एक कोटीवा भाग उरतो. तिथे तोच अणू सेकंदाला पाच-सहा मिलिमीटर सरकतो. मुंगी त्याच्या पुढे निघून जाईल!

एवढी थंडी आणतात कशी? बर्फाने नव्हे, प्रकाशाने. उजेडात वस्तू तापते हा आपला अनुभव. इथे उलटे आहे. अणूवर सहा बाजूंनी लेझरचे झोत सोडतात. झोतांचा रंग असा नेमका लावलेला असतो की अणू ज्या झोताच्या दिशेने धावेल त्याच झोताचा धक्का त्याला जास्त बसावा. समोरून वाऱ्याचा मारा असताना सायकल चालवणाऱ्याची जी गत, ती त्याची. १९९७ सालचे नोबेल पारितोषिक स्टीव्हन चू, क्लोद कोहेन-तानुजी आणि विल्यम फिलिप्स या तिघांना याच कामासाठी मिळाले. त्यापुढची युक्ती तर आपल्या प्रत्येक घरातली आहे. चहा बशीत ओतून आपण फुंकर घालतो. सर्वात गरम कण वाफ होऊन निघून जातात, उरलेला चहा निवतो. अणूंच्या ढगातलेही सर्वात चपळ अणू बाहेर जाऊ देतात, उरलेले गार होतात.

असे करता करता १९९५ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात बोल्डर येथे एरिक कॉर्नेल आणि कार्ल वीमन यांच्या प्रयोगशाळेत सुमारे दोन हजार रुबिडियम अणू इतके गार झाले की त्यांचे वेगळेपणच राहिले नाही. सगळे मिळून एकच लहर झाली. हे होऊ शकते हे सत्तर वर्षे आधी कागदावर आले होते, आणि त्याची सुरुवात ढाक्याला झाली होती. १९२४ साली ढाका विद्यापीठातले सत्येंद्रनाथ बोस यांनी आपला निबंध थेट आइनस्टाइन यांना धाडला. आइनस्टाइन यांनी तो स्वतः जर्मनमध्ये उतरवून छापायला दिला आणि पुढचे गणित मांडले. बोस यांना नोबेल मिळाले नाही. याच बोस यांनी १९४८ मध्ये बंगीय विज्ञान परिषद स्थापली. विज्ञान मातृभाषेत शिकवले पाहिजे हा त्यांचा आग्रह होता. आमच्यासारख्या मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाला हे वाचून किती बरे वाटले!

आता जाळी. समोरासमोरून दोन लेझर सोडले की त्यांच्या लहरी एकमेकींत मिसळून उजेड आणि अंधार यांचे एकाआड एक पट्टे तयार होतात, आणि ते जागचे हलत नाहीत. गार अणूला हे पट्टे म्हणजे अंड्यांच्या ट्रेसारखे खळगे वाटतात. तो त्यांत बसतो. दोन खळग्यांमधले अंतर मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाच्या आसपास. आपल्या एका केसाच्या जाडीत असे शंभरावर खळगे मावतील. या जाळीला तार नाही, लाकूड नाही, नुसता प्रकाश आहे. झोत वाढवला की खळगे खोल, कमी केला की उथळ. बटणावर चालणारी जमीनच म्हणा ना!

अंडे ट्रेमधल्या आपल्या खळग्यातून आपण होऊन शेजारच्या खळग्यात जात नाही. अणू जातो. कारण एवढ्या थंडीत तो गोटीसारखा वागत नाही, लहरीसारखा वागतो, आणि लहर मधल्या उंचवट्यातून थोडीशी पलीकडे झिरपते. याला टनेलिंग म्हणतात. सगळे खळगे सारखे असतील तर ही लहर एका खळग्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी सुसाट पसरते. नियमित जाळीत एकटा अणू असा मोकळा फिरतो.

आता खरी गोष्ट सुरू होते. १९५८ साली अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीमध्ये फिलिप अँडरसन यांनी एक विचित्र प्रश्न विचारला. खळगे सारखे नसतील तर? एक खोल, एक उथळ, पुन्हा दोन मध्यम, कशाचा कशाला मेळ नाही; अशा जाळीत लहर कुठवर जाईल? सर्वांना वाटायचे की हळू जाईल, अडखळत जाईल, पण जाईल. अँडरसन यांचे गणित म्हणाले, जाणारच नाही. काही अंतरावर जाऊन थांबेल, आणि कितीही वेळ वाट पाहिली तरी पुढे सरकणार नाही. सुरुवातीला फार थोड्यांचा यावर विश्वास बसला, हे त्यांनी स्वतःच पुढे नोबेल व्याख्यानात सांगितले. ते नोबेल मिळायला १९७७ साल उजाडले.

भिंत नाही, दार नाही, मग लहर थांबते कशी? इथे आमची कारकुनी कामी आली. लहरीला उंचवटा असतो तसा खोलगटपणाही असतो. उंचवटा ही जमा धरा, खोलगट भाग ही नावे धरा. एका जागी दोन लहरी येऊन दोन्ही जमा असतील तर रक्कम दुप्पट. एक जमा आणि एक नावे असेल तर शिल्लक शून्य. अनियमित जाळीत प्रत्येक खळग्यावर लहरीचा थोडा भाग परत फिरतो, थोडा पुढे जातो. अशा हजारो वाटांनी हजारो तुकडे फिरत असतात. दूरच्या एखाद्या खळग्यावर जे तुकडे पोचतात त्यांत काही जमेचे, काही नाव्याचे. कशाचा कशाला ताळमेळ नसल्याने एकमेकांना खाऊन टाकतात. मात्र निघाल्या जागी परत येणाऱ्या वाटांचे तसे नाही. वळसा घालून घरी येणारी प्रत्येक वाट उलट दिशेनेही चालता येते. दोन्ही वाटा सारख्याच लांबीच्या, म्हणून दोन्ही तुकडे एकाच चिन्हाचे. घरी पोचले की बेरीजच होते. तेव्हा घराच्या खात्यावर शिल्लक साठते आणि दूरच्या खात्यांवर ती झपाट्याने शून्याकडे जाते.

बँकेत नोकरी करणाऱ्यांना हे लगेच कळेल. एखाद्या खात्यावर दिवसभर उलाढाल होते, पासबुकाचे पान भरते, आणि संध्याकाळी शिल्लक शून्य. म्हणून त्या खात्यावर काही घडलेच नाही असे कोणी म्हणेल काय?

हे गणित घन पदार्थातल्या इलेक्ट्रॉनसाठी मांडलेले होते. पण तारेतले इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात, धातू स्वतः थरथरतो. नेमके लहरींच्या बेरजेनेच थांबले असे दाखवणे अवघड. पन्नास वर्षांनी गार अणूंनी ते दाखवले. पॅरिसजवळच्या पालेझो येथे आलँ आस्पे आणि फिलिप बुये यांच्या गटाने रुबिडियमचा अतिथंड ढग एका झोताच्या अरुंद वाटेवर मोकळा सोडला. वाटेवर खडबडीतपणा हवा होता. तो त्यांनी दुधी काचेसारख्या काचेतून लेझर सोडून मिळवला. तशा काचेतून आलेला उजेड दाणेदार, ठिपक्याठिपक्यांचा पडतो. ढग पसरू लागला आणि थोड्याच वेळात थांबला. विशेष हे की वाटेवरचे उंचवटे अणूंच्या ताकदीच्या मानाने फारच बुटके होते. गोटी असती तर त्यांवरून सहज घरंगळत गेली असती!

त्याच वेळी इटलीत फ्लॉरेन्स येथे मासिमो इंगुशो आणि जोव्हान्नी मोदुन्यो यांच्या गटाने दुसरी रीत वापरली. एक जाळी १०३२ नॅनोमीटर लांबीच्या लहरीची, तिच्यावर दुसरी ८६२ ची. दोन वेगळ्या मापांच्या फूटपट्ट्या एकमेकींवर ठेवल्या तर खुणा कधी जुळत येतात, कधी फाकतात. तसे खळगे तयार झाले. पोटॅशियमचे अणू घेतले आणि चुंबकाच्या साहाय्याने त्यांची आपसातली ढकलाढकल जवळजवळ बंद केली. दुसरी जाळी फिकी असताना अणू पसरत होते. तिचा जोर एका ठराविक मर्यादेपलीकडे नेला आणि ते बसले ते बसलेच. ही मर्यादाही गणिताने आधीच सांगितलेली होती: शेजारी जाण्याच्या ओढीच्या दुप्पट. दोन्ही निबंध जून २००८ मध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात आले. 'नेचर'सुद्धा साप्ताहिकच आहे बरे का, फक्त आपल्यासारखी वर्गणीची ओरड तिथे होत असेल असे वाटत नाही.

अणू थांबवण्याची आणखीही एक तऱ्हा आहे, ती अगदी वेगळी. २००२ साली म्युनिकमध्ये इमॅन्युएल ब्लॉख, थिओडोर हेन्श आणि सहकाऱ्यांनी नियमित जाळीच खोल केली. तिथे खळगे सारखे, पण शेजारी जागाच नाही. दोन अणू एका खळग्यात बसायला एकमेकांना परवडत नाहीत. चाळीतल्या भरलेल्या खोल्यांसारखे जो तो आपल्या जागी. जाळी पुन्हा उथळ केली की सगळे वाहते झाले. चालवण्याच्याही तऱ्हा आहेत. २०१६ साली म्युनिक आणि क्योटो इथल्या गटांनी जाळी हळूहळू अशी फिरवली की प्रत्येक फेऱ्याला अणू मोजून एकेक घर पुढे सरकले, जणू रहाटगाडगे. ती कल्पना डेव्हिड थाउलेस यांनी १९८३ मध्येच मांडली होती.

हे सगळे परदेशातलेच आहे असे समजू नका. पुण्याला पाषाण येथे २००६ साली स्थापन झालेली आयसर ही संस्था आहे. तिथल्या प्रयोगशाळेत गार रुबिडियम अणूंना प्रकाशाच्या जाळीचे ठराविक वेळाने ठोके देतात. साध्या समजुतीप्रमाणे प्रत्येक ठोक्याला अणूंची धाव वाढतच जायला हवी. काही ठोक्यांनंतर ती वाढायची थांबते. गणित तेच अँडरसन यांचे, फक्त जागेऐवजी वेगाच्या खात्यावर मांडलेले. उमाकांत रापोल, एम. एस. संथानम आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात या ठोक्यांत अनियमित अंतराने मुद्दाम गडबड मिसळली. थांबलेली वाढ पुन्हा सुरू झाली, पण एकदम नव्हे, रखडत रखडत.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. थांबलेला अणू खरोखर निश्चल असतो काय? नाही. त्याची ताकद त्याच्याजवळच असते. लहरीचा तुकडा न् तुकडा फिरत असतो. थांबते ते फक्त पसरणे. तेही अटींवर. जाळी अनियमित हवी, बाहेरची गडबड नको, अणू गार हवे. एक अट मोडली की थांबणे मोडले. म्हणजे अनित्यतेला धक्का बसत नाही, हे उत्तर त्या दिवशी दोन वाक्यांत देता आले असते.

पण तेवढ्यावरून 'पाहा, धम्मात क्वांटम होतेच' असे म्हणायला आम्ही तयार नाही. इतर लोक सगळे विज्ञान आपल्या पोथीत होते म्हणून सांगू लागले की आपण हसतो. मग तेच आपण आपल्या व्यासपीठावरून केले तर ते प्रबोधन कसे? तथागतांनी दुःखाचे कारण शोधले, रुबिडियमचे नव्हे. केसमुत्त गावच्या कालामांना त्यांनी जे सांगितले त्याचा आशय प्रत्येक उपासकाला ठाऊक आहे: परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा थोर आहे म्हणून मानू नका. पाहुण्या वक्त्यांनाही हा नियम लागू आहे आणि आम्हालाही.

एका कार्यकर्त्या मित्राने आणखी एक सुचवले. म्हणाला, लिहा की आपला समाजही त्या अणूंसारखाच शतकानुशतके जागच्या जागी थांबला होता. वाक्य टाळीचे आहे, पण आम्ही लिहिणार नाही. आपला माणूस गावकुसाबाहेर थांबला तो लहरींच्या बेरीज-वजाबाकीने नव्हे. त्याला माणसांनी थांबवले होते. कोणी थांबवले, कोणत्या ग्रंथांच्या आधाराने थांबवले, हे बाबासाहेबांनी पुराव्यानिशी लिहून ठेवले आहे. तो हिशेब अणूच्या खात्यावर टाकून कोणाला मोकळे करायचे?

या विद्येचा उपयोग काय, असे घरातल्या वडीलधाऱ्यांनी विचारले तर? प्रकाशाच्या जाळीत बसवलेल्या स्ट्रॉन्शियम अणूंची घड्याळे आज इतकी नेमकी आहेत की विश्वाच्या वयाइतका काळ चालवली तरी एका सेकंदाचाही फरक पडू नये. वीज कोणत्या पदार्थातून का वाहते आणि का अडते, हे या जाळीत एकेक अणू मोजून पाहता येते. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी ६००३ कोटी ६५ लाख रुपये मंजूर केले. काडेपेटीपासून चपलेपर्यंत प्रत्येक खरेदीवर आपणही कर भरतो; त्या रकमेत धुणीभांडी करणाऱ्या त्या आईचेही पैसे आहेत. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा तिथे कलाशाखेच्या जोडीला विज्ञानशाखाही होती. आपल्या मुली आज नर्सिंग करतात, डी.एड. करतात, उत्तम आहे. पण एखादीला लेझर जुळवत बसायचे असेल तर 'हे कुठले खूळ' म्हणून तिला खाली बसवू नये. प्रवेश परीक्षेचा फॉर्म, जातीचा दाखला, जात पडताळणी, याची धावपळ आमच्यासारख्या कारकुनांनी करावी. तेवढे आम्हाला जमते.

हा मजकूर छापायला देण्याआधी आम्ही तिच्या घरी जाऊन तिला वाचून दाखवला. आधी माफी मागितली. तिच्या आईने चहा ठेवला. मुलीने ऐकता ऐकता एक चूक काढली. पहिल्या खर्ड्यात आम्ही लिहिले होते की अणूची ताकद संपते म्हणून तो थांबतो. ती म्हणाली, "नाही काका, ताकद संपली असती तर मग त्यात नवल काय?" खोडले.

मग तिने विचारले, "पण काका, एकेकट्या अणूचं ठीक आहे. लाखभर अणू एकमेकांना ढकलत असतील, तरी सगळे थांबतील?"

तेवढे आम्ही वाचून गेलो होतो. २०१५ साली म्युनिकमध्ये एकमेकांना ढकलणारे पोटॅशियम अणू एक खळगा सोडून एक असे बसवले आणि जाळी अनियमित केली. साध्या जाळीत ही मांडणी बघता बघता पुसली जाते, चहातल्या साखरेसारखी. अनियमित जाळीत प्रयोग चालला तोवर तिची खूण शिल्लक होती. आपण कुठून निघालो हे अणू विसरले नव्हते. परंतु ही आठवण कायमची टिकते, की फार फार हळू पुसली जाते, यावर शास्त्रज्ञांत आजही वाद चालू आहे. प्रयोग काही क्षणांचा, आणि प्रश्न अनंत काळाचा.

"म्हणजे अजून कोणालाच माहीत नाही?" तिने विचारले. आम्ही म्हटले, नाही. तिचा चेहरा उजळला. एवढ्या आनंदाने 'माहीत नाही' ऐकणारे माणूस आम्ही प्रथमच पाहिले.

येत्या पौर्णिमेला विहारात वंदनेनंतर याच विषयावर आमच्या प्राध्यापक मित्रांचे व्याख्यान ठेवले आहे. नंतर प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास राखून ठेवला आहे. सूत्रसंचालन या वेळी आमच्याकडे नाही, तिच्याकडे आहे.